भात्याचा कॅमेरा

बल्लारपूरच्या आगारात रचलेले सागवानाचे ओंडके तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. अशाच लाकडाचे एकेकाळी कॅमेरेही बनत, हे ठाऊक आहे का?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला घडीचा कॅमेरा मिटलेला असला की साध्या पेटीसारखा दिसतो. कडी काढून पुढची फळी खाली पाडली, की आतून कातड्याचा भाता बाहेर येतो. लोहाराचा भाता हवा फुंकतो. हा भाता फक्त अंधार सांभाळतो. त्याच्या एका टोकाला पितळी नळीत बसवलेले भिंग असते, तर दुसऱ्या टोकाला दुधी काच. बाजूचे पितळी चाक फिरवून भाता मागेपुढे केला म्हणजे काचेवर समोरचे चित्र स्पष्ट उमटते. पण ते उलटे! डोके खाली, पाय वर. शिवाय डोक्यावर काळे कापड घेतल्याशिवाय ते नीट दिसत नाही.

प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून चित्र उलटते. बसऱ्यात जन्मलेले शास्त्रज्ञ इब्नुल हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या जागेत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. त्यांचा ‘किताबुल मनाझिर’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

चित्र टिपताना दुधी काच बाजूला सारून तिथे रसायन लावलेली काच बसवत. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात सेकंद मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. १८५१ साली निघालेल्या पद्धतीत काच ओली असतानाच हे सारे उरकून ती धुवावी लागे. त्यासाठी छायाचित्रकार काळोखी तंबू बरोबर नेत. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांची किती धांदल उडत असेल! १८७१ मध्ये कोरड्या काचेची पद्धत निघाली आणि हा त्रास हळूहळू संपला.

हे कॅमेरे बहुधा महोगनीचे असत. उष्ण देशांसाठी मात्र साग वापरत आणि सांध्यांवर पितळी पट्ट्या ठोकत, कारण दमट हवेत सरस सुटतो.

अशा यंत्रांचे मोल अजिंठ्यात कळते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या रंगीत नकला वर्षानुवर्षे काढल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या बहुतेक नकला जळाल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती, ती उरली. त्यांत रंग नाहीत, पण त्या वेळचे खांब व लेण्यांचे दर्शनी भाग आजही पाहता येतात.

कुणाच्या घरी असा कॅमेरा असेल, तर पितळ चिंचेने घासू नका. त्यावरचा लाखेचा जुना थर निघून जातो. भात्याला भोक पडले आहे का, हे पाहायचे असेल तर अंधारात आत छोटा दिवा लावून बाहेरून बघा. भोक असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसेल.

कॅमेरा नसला तरी खोके आहेच. एका बाजूला टाचणीने छिद्र पाडा, समोरच्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद चिकटवा आणि भर उन्हात डोक्यावर चादर घेऊन चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाकडे पाहा. दरवाजा उलटा दिसेल आणि त्यातून जाणाऱ्या सायकलीही.