दुपारी न उचलणारी लिफ्ट

ट्रॅक्टरदुरुस्ती शिकणारी पोरं नेमकी कुठे शिकतात, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. आयटीआयचे दाखले आणि योजनांची पत्रकं हाताशी होती. तरी मी आधी वाळवा तालुक्यातल्या एका गॅरेजात गेलो. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधीचे दिवस होते. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर हंगामापूर्वी करून घ्यायची सगळ्यांनाच घाई असते, आणि घाईत काम कसं शिकवलं जातं ते मला पाहायचं होतं.

शेतीच्या लोखंडाला या मुलखात जुना इतिहास आहे. शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर तिथं कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडाने जमीन नासते, अशी धास्ती तेव्हाच्या शेतकऱ्यांना होती. आज त्याच रानात पलटी नांगर आणि रोटाव्हेटर फिरतात, आणि ते बिघडले की या पत्र्याच्या शेडपाशी येतात.

शेडमध्ये तिघं जण. मिस्त्री, त्यांच्याबरोबर कित्येक वर्षं असलेला एक कारागीर, आणि बारावी अर्ध्यावर सोडून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. मुलगा मिस्त्रींना ‘वस्ताद’ म्हणतो. पहिले काही महिने त्याने डिझेलच्या परातीत सुटे भाग धुतले आणि बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने गोणपाटावर मांडले. आता बोल्टचं डोकं पाहूनच तो सोळा-सतराचा पाना उचलतो. टॅपेट लावताना फिलर गेज किती दाबून सरकावा हे त्याच्या बोटांना कळलं आहे. क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध वेगळा करतात, तेव्हा आता मागचा भाग ढकलायचं काम त्याच्याकडे असतं. पंप मात्र अजून वस्ताद त्याच्या हाती देत नाहीत.

माझं लक्ष अडकलं ते लिफ्टमध्ये, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या यंत्रणेत.

एक शेतकरी नांगरासकट ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, “सकाळी चांगली उचलतीय. बारा वाजलं की ढिम्म हलत न्हाई.” मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने ट्रॅक्टरला हात लावण्याआधी विचारलं, “तेल कधी बदललंय, अण्णा? आन् उचलताना पंप शिट्टी मारतोय का?” शिट्टी नव्हती. तेल त्याच वर्षीचं होतं. गाळणी तुंबली असती तर सकाळच्या घट्ट तेलाने जास्त त्रास दिला असता, हे त्याने स्वतःशीच पुटपुटत बाजूला सारलं. मग ट्रॅक्टर तापेपर्यंत चालवला, नांगर सोडून हलका कल्टिव्हेटर जोडला, तो वर घेतला आणि इंजिन बंद केलं. जमिनीपासूनची उंची त्याने टायरवर खडूने मांडली. कल्टिव्हेटरखाली कुणी वाकू नये म्हणून लाकडी ठोकळे आणून ठेवले. बऱ्याच वेळाने पुन्हा मोजलं. कल्टिव्हेटर तसूभरही खाली आला नव्हता. म्हणजे सिलिंडर तेल धरून होता, व्हॉल्व्हही गळत नव्हता. गरम होऊन पातळ झालेलं तेल झिजलेल्या पंपातच मागे सुटत होतं; हलकं अवजार त्याला उचलता येत होतं, भारी नांगर नाही.

“पंप,” मुलगा म्हणाला. मिस्त्रींनी मान हलवली. पंप खोलल्यावर दात्यांच्या बाजूच्या पट्टीवर झीज नखाला लागत होती.

या लिफ्टमागची कल्पना उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. तो खोडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठून चालकावर उलटण्याची भीती असे. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडून ट्रॅक्टरचाच भाग केला. 1933 साली त्याचा काळा नमुना ट्रॅक्टर तयार झाला, आणि 1939 साली फोर्डच्या कारखान्यातून ही रचना मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. तिचं काम सांगतो. जमीन कडक लागली की नांगर वरच्या टॉपलिंकला पुढे रेटतो. त्या रेट्याने मागची स्प्रिंग दबते, तिच्याशी जोडलेली सळई व्हॉल्व्ह सरकवते, तेल सिलिंडरमध्ये शिरतं आणि नांगर थोडा वर येतो. ओढ कमी झाली की तो पुन्हा खाली बसतो. चालकाने काहीही न करता हे दिवसभर चालतं. गॅरेजात याच्या दांड्याला डीसी लिव्हर म्हणतात. अवजाराची उंची ठरवणारा तो पीसी लिव्हर. हा सगळा सांधा त्या मुलाने खोलून, धुऊन, परत जोडून समजून घेतला आहे. मला तो फार मोठा अभ्यास वाटतो.

त्या अभ्यासाची नोंद मात्र कुठेही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. 2019 च्या नियमांप्रमाणे 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. तीन माणसांचं हे गॅरेज त्याच्या खालीच राहतं. आयटीआयचा दाखला असलेल्या मुलासाठी त्याच नियमांत दरमहा किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं. या मुलाला मिस्त्री हंगामात चांगले पैसे देतात. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा पैसेही नसतात. त्याचा चुलतभाऊ आयटीआय करून ट्रॅक्टरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. त्याला दाखला मिळेल, पण जोडणीच्या ओळीवर तो एकाच जागी बोल्ट कसतो. दुपारी न उचलणारी लिफ्ट त्याच्यासमोर कधी येत नाही. घरचे मुलाला चुलतभावाचं उदाहरण देतात, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

याहून मोठी काळजी यंत्रांचीच आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष लागू झाले आणि त्यांच्यासोबत कॉमन रेल इंजिनं आली. जुन्या इंजिनात कुठला सिलिंडर मारत नाही हे शोधायला मिस्त्री इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचे नट एकेक करून सैल करतात आणि आवाज ऐकतात. मुलाला इंजिनातली पहिली युक्ती म्हणून हीच शिकवली गेली. जुनं नोझल साधारण 200 ते 250 बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब 1000 बारच्याही वर जातो. तिथं नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून हातात शिरते, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. ही गोष्ट मिस्त्रींना कंपनीच्या माणसाने सांगितली नाही. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने सांगितली. नव्या इंजिनाचा बिघाड वाचायला लागणारं उपकरण डीलरकडे आहे. प्रशिक्षणही डीलरच्याच माणसांना मिळतं.

मी विचारलं, मग नवा ट्रॅक्टर आला तर? मिस्त्री म्हणाले, “मागचं सगळं करतो. क्लच, गिअर, लिफ्ट. इंजिनाला हात लावायचा नाही, असं पोराला बजावलंय.”

पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तालुक्यातली दहा-बारा गॅरेजं जवळच्या आयटीआयशी जोडून, कॉमन रेलची सुरक्षितता आणि तपासणी तिथं आणि बाकीचं काम गॅरेजात, अशी व्यवस्था करायला मोठा खर्च नाही. आयटीआयमधल्या एका निदेशकांना मी हे बोललो. त्यांना ते पटलं. मात्र सरावासाठी कॉमन रेलचं एक इंजिन त्यांनी कधीचं मागितलं आहे, ते अजून आलेलं नाही. मुलाने त्यांचा फोन नंबर माझ्याकडून घेतला आहे. गळीत हंगाम संपेपर्यंत त्याला सवड होणार नाही, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत.