अंडकोषाची बायोप्सी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर ‘शुक्राणू निल’ आलं, की घरात दोन प्रश्न उठतात : दोष कुणाचा आणि ऑपरेशन कधी? पहिला बिनकामाचा. दुसऱ्याची घाई नको.

गैरसमज : शून्य आलं, म्हणजे लगेच बायोप्सी.

एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहायचा, तोही किमान दोनदा. मग एफएसएच (वृषणांना शुक्राणू घडवायला सांगणारं संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन, वृषणांचा आकार. वृषण लहान आणि एफएसएच बरंच वाढलेलं असेल, तर शुक्राणू तयारच होत नाहीत की वाट अडली आहे, हे बहुधा बायोप्सीविनाच कळतं. जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल, तर लाज सोडून डॉक्टरांना सांगा. त्यानेही शुक्राणू शून्यावर येतात.

गैरसमज : बायोप्सी म्हणजे कॅन्सर, आणि मर्दानगी गेलीच.

इथे मुख्यतः शुक्राणू घडवणाऱ्या नलिका पाहायच्या असतात. भूल देऊन छोटी चीर, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, एखाददुसरा टाका. थोडी सूज, दुखणं, क्वचित रक्त साकळणं किंवा जंतुसंसर्ग. लैंगिक क्षमता एवढ्याने जात नाही.

गैरसमज : रिपोर्टात ‘सर्टोली सेल ओन्ली’ (नलिकांत फक्त आधारपेशी, शुक्राणू घडवणाऱ्या पेशी नाहीत) लिहिलं, विषय संपला.

सगळ्यात जास्त नुकसान याच समजाने होतं. तुकडा एका जागेचा. शुक्राणूनिर्मिती मात्र एखाद्याच कोपऱ्यात चालू असू शकते. न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगेल यांनी 1990च्या दशकाअखेरीस मायक्रो-टेसे ही वृषणातून शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. त्यात सर्जन मायक्रोस्कोपखाली जाड, पांढरट नलिका हेरून तेवढ्याच काढतात. निर्मितीतच अडचण असलेल्या साधारण निम्म्या पुरुषांत शुक्राणू सापडतात आणि इक्सीसाठी, म्हणजे शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्यासाठी, थोडेही पुरतात. मात्र वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ-ए किंवा बी भाग पूर्ण गळाला असेल, तर सापडण्याची आशा जवळपास नसते. म्हणून या भागाची रक्ततपासणी आधी.

सहसा कुणी सांगत नाही ते असं : पॅथॉलॉजीचा तुकडा ब्वॅंच्या पिवळ्या, ऊती टिकवणाऱ्या द्रावणात जातो आणि त्यातला शुक्राणू मरतो. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी एवढंच विचारा : शुक्राणू मिळाले, तर त्याच दिवशी गोठवून ठेवायची सोय इथे आहे का? नसेल, तर जिथे आहे तिथे जा.