बाहुल्यांच्या पेटीची बिजागरी

नवरात्र जवळ आले म्हणजे बेंगळुरातील पुष्कळ घरांत माळ्यावरून एक पेटी खाली उतरते. दसऱ्याच्या बाहुल्यांची आरास, ज्याला कन्नड भाषक ‘गोंबे हब्ब’ म्हणतात, ती मांडावयाची असते. तीतील लाकडी राजाराणीची जोडी कित्येक घरांत एका पिढीकडून दुसरीकडे आलेली असते. वर्षातून एकदा चढवावयाची व उतरवावयाची ही पेटी हलकी असणे अगत्याचे. म्हणून ती घरीच पातळ प्लायवुडची करण्याकडे कल असतो आणि तो योग्यही आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ३० उंच पेटी ४ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची केली, तर तिचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते.

अडचण येते ती झाकणापाशी. आमच्या घरी एका दसऱ्याला झाकण उघडताच ते बिजागऱ्यांसकट हाती आले आणि राणीचा हात मोडला. पेटी नवी होती, स्क्रूही नवे होते. मग दोष कोठे होता?

सहा नंबरच्या लाकडी स्क्रूला एका इंचात १८ आटे असतात. म्हणजे ४ मिलिमीटरच्या तक्त्यात जेमतेम तीन आटे रुतावयाचे आणि त्यांतही टोकाकडचा भाग निमुळता! उलट झाकण म्हणजे एक लांब तरफच. ते सरळ उभे राहून मागे कलंडू लागले, की ३० सेंटिमीटर वरच्या कडेवर पडणारा हाताचा भार बिजागरीपासून दोन सेंटिमीटरांवरील स्क्रूवर सुमारे पंधरापट होऊन येतो. तीन आट्यांनी तो कसा पेलावा? प्लायवुडचे पदर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्याने ते सहसा चिरत नाही, यावरून आपण त्यास सर्वच बाबतींत बळकट समजतो. प्लायवुडच्या संशोधनासाठी १९६२ साली ज्या शहरात संस्था स्थापन झाली, तेथील आम्हा रहिवाशांचीही हीच समजूत! तक्त्याच्या कडेत स्क्रू पिळला, तर तेच पदर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात. तेव्हा कडेत स्क्रू कदापि मारू नये.

चहाची जुनी प्लायवुडची खोकी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना उपाय सहज सुचेल. त्या खोक्यांचा तक्ता पातळ असे, परंतु आतील कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या असत व खिळा त्या पट्टीत जाई. आपणही तसेच करावे. २० मिलिमीटर रुंद व १२ मिलिमीटर जाड अशा पाइनच्या दोन पट्ट्या घ्याव्या. एक पेटीच्या मागील बाजूस वरच्या कडेलगत आतून व दुसरी झाकणाच्या आतून, मागील कडेशी, सरसाने चिकटवावी आणि रात्रभर दाबून ठेवावी. दोहोंचे वजन मिळून दीडशे ग्रॅमही भरत नाही. त्यानंतर बाहेरून बिजागरी ठेवून गिरमिटाने स्क्रूपेक्षा किंचित बारीक भोक पाडावे. स्क्रू प्लायवुड ओलांडून पट्टीत शिरावा, परंतु पलीकडे निघू नये. १५ मिलिमीटरांहून अधिक लांबीचा घेण्याचे कारण नाही.

आरंभी प्रत्येक पात्यात एकच स्क्रू बसवून झाकण मिटून पाहावे. दोन बिजागऱ्यांच्या नळ्या एका रेषेत नसतील तर झाकण अडते आणि उघडमीट करताना स्क्रू हळूहळू उपसले जातात. झाकण सुरळीत मिटले, म्हणजेच उरलेले स्क्रू मारावे.

पट्टीस आत जागा नसेल, तर बारीक नट-बोल्ट वापरावे व आतून रुंद वॉयसर घालावा, म्हणजे भार एका भोकावर न येता पसरतो. बोल्टचे पुढे आलेले टोक मात्र कानसून गुळगुळीत करावे, नाही तर राजाची पगडी ओरखडून निघेल. अगदीच हलके काम असेल, तर जाड कॅनव्हासची पट्टी संपूर्ण लांबीभर चिकटविली तरी चालते. पुस्तकाच्या पाठीवरील कापड याहून वेगळे काय करते? ओलसर माळ्यावर मात्र ही सोय फार दिवस टिकत नाही.

आता एक सुतळी किंवा नाडी तेवढी राहिली. तिचे एक टोक पेटीच्या आतील बाजूस व दुसरे झाकणास असे बांधावे, की झाकण उभ्या रेषेच्या थोडे पलीकडे जाऊन थांबेल. आमच्या पेटीस ही नाडी नव्हती.