शिक्का

पेण आणि रोहा या तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून हे लोक कातकरी. रान हेच त्यांचे शेत व रान हेच त्यांचे कोठार होते. इंग्रज सरकारने १८७८ साली वनांचा कायदा केला आणि राखीव रानात झाड तोडणे हा अपराध ठरला. कातकऱ्यांचा परंपरागत धंदा बसला. पोटासाठी ते कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर राबू लागले.

त्याआधीच, १८७१ साली, एक विलक्षण कायदा झाला होता. एखादी संपूर्ण जमातच गुन्हेगार आहे, असे ठरविण्याचा अधिकार सरकारने त्यान्वये स्वतःकडे घेतला. अशा जमातींच्या लोकांची नावे पोलिसांच्या दप्तरी लिहिली जात. त्यांना हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. चोरी कोणी केली, हे पाहण्याऐवजी कोण कोणाच्या पोटी जन्मला, हे पाहिले जाई. हा शिक्का कातकऱ्यांवरही बसला.

असे दुर्दैव इतर देशांतील लोकांच्याही वाट्यास आले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचे वंशज रोमा या नावाने युरोपात राहतात. पाण्याला ते आजही ‘पानी’ म्हणतात आणि कानाला ‘कान’! तेथे त्यांना भटके, चोर म्हणून हिणविण्यात आले, गावोगावी हाकलण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या राजवटीने व तिच्या साथीदारांनी दोन लाखांहून अधिक रोमांचा संहार केला. तिरस्काराची वाट कोठवर जाते, ते यावरून दिसते.

आता पेणशेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेरकडे वळू. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथे जंगल सत्याग्रह झाला. त्या वेळी झालेल्या गोळीबारातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. ज्यांच्या जमातीला सरकारने गुन्हेगार ठरविले, त्यांतीलच एकाने देशासाठी प्राण वेचले!

तो जुलमी कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. परंतु कागदावरचा शिक्का पुसला, तरी मनावरचा तितक्या सहज पुसला जात नाही. अजूनही गावात काही हरवले की कित्येकांची नजर प्रथम वाडीकडे वळते. मुलांनो, उद्या वर्गात कोणाची लेखणी हरवली, तर तुमची नजर कोणाकडे वळेल? आणि का?