ताटातला मासा आणि पारा

जबलपूरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर नर्मदेला बांध घालून झालेला बरगीचा जलाशय १९९० साली भरला. मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. ज्यांची शेते बुडाली त्यांपैकी अनेकांनी हाती जाळे धरले, आणि १९९४ साली विस्थापितांच्या सहकारी संघाला या पाण्यातील मासेमारीचा हक्क मिळाला. जाळ्यावर पोट असलेल्या अशा घरांत मासा हा सणावारी चाखण्याचा पदार्थ नसतो. भाताबरोबरचे ते रोजचे कालवण असते.

अशा घरांना जपावे लागते ते पाऱ्यापासून. थर्मामीटरमधील चकाकणारा पारा सर्वांच्या परिचयाचा आहे. माशातील पारा मात्र डोळ्यांना दिसत नाही व जिभेलाही कळत नाही. दगडी कोळशात पाऱ्याचा अत्यल्प अंश असतो. कोळसा जळला की तो धुराबरोबर वर जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. तळाच्या गाळातील सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथिल पारा शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत व त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत चढत जातो. म्हणूनच रोहू किंवा मृगळ यांच्यापेक्षा शिवडा, मरळ यांसारख्या शिकारी माशांत तो अधिक आढळतो.

नवीन जलाशयात आणखी एक गोष्ट घडते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ला ग्रांद नदीवर बांध घातले गेले, तेव्हा बुडालेल्या माती-झाडोऱ्यामुळे शिकारी माशांतील पारा कित्येक पटींनी वाढला. तो ओसरण्यास वीस-तीस वर्षे लागली आणि मासे खाऊन राहणाऱ्या क्री लोकांना त्यांच्या आवडीचे मासे टाळण्यास सांगावे लागले. त्या हिशेबाने बरगीचा तो काळ सरत आला म्हणावा. कोळशाचे तसे नाही; तो जळतच राहतो. मध्य प्रदेशाच्या पूर्व सीमेवरील सिंगरौली-सोनभद्र परिसरात, रिहंद जलाशयाभोवती, मोठमोठी वीजकेंद्रे उभी आहेत. तेथे दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने केलेल्या तपासणीत पाणी, मासे व माणसांचे रक्त या तिन्हींत पारा सापडल्याचे २०१२ साली जाहीर झाले. बरगीच्या पाण्यावरही सिवनी जिल्ह्यात घंसौरजवळ ६०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. एवढ्यावरून बरगीचा मासा दूषित आहे असे कोणी समजू नये. पण त्याची वेळोवेळी तपासणी होणे का अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या तपासणीचा निकाल वाचताना एक हिशेब मनात ठेवावा लागेल. आपल्याकडे खाद्यपदार्थांत मिथिल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने माणसाच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम ही सीमा घातली आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती ८० मायक्रोग्रॅम होते. म्हणजे अगदी कायद्यात बसणारा मासाही तिने आठवड्यात ३२० ग्रॅम खाल्ला की सीमा गाठली जाते. आठवड्यातून एखादे वेळी बाजारातून मासा आणणाऱ्या जबलपूरच्या गृहिणीला हे पुरेसे आहे. कोळ्याच्या घरी मात्र तेवढा मासा दोन-तीन दिवसांतच संपावा. मर्यादा एकच, पण ताटे दोन!

यावर ‘मासे खाऊ नका’ असा उपदेश करणे सोपे आहे आणि तितकेच अविचाराचेही. डाळ, दूध, अंडी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरातून मासा काढून घेतला, तर मुलांच्या वाढीला लागणारी प्रथिने आणायची कोठून? मासा सोडण्यापेक्षा तो निवडून घेणे अधिक शहाणपणाचे. घरासाठी लहान व शेवाळ-वनस्पतींवर जगणारे मासे ठेवावेत. मोठा शिकारी मासा क्वचितच शिजवावा. चिंच-हळद लावल्याने, धुतल्याने किंवा तळल्याने पारा जात नाही, कारण तो मांसातच मुरलेला असतो.

गर्भवती व अंगावर पाजणारी माता यांनी विशेष जपावे, कारण मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो व वाढत्या मेंदूला इजा करतो. मात्र शरीरात गेलेला पारा कायमचा ठाण मांडत नाही. साधारण दोन महिन्यांत त्यातील निम्मा बाहेर पडतो. तेव्हा सासूबाईंनी मोठ्या मरळीचा तुकडा सुनेच्या ताटात कौतुकाने वाढायचाच असेल, तर तो बाळंतपणानंतर, मूल अंगावरचे दूध सोडील तेव्हा वाढावा. तोवर तिला छोटे रोहूच द्यावेत.