चिपाडाची वीज

दसरा जवळ आला की साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. नारळ फुटतो, चेअरमनसाहेबांचा सत्कार होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पुढे गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू. मग चर्चा चालते ती उसाच्या दराची आणि साखर उताऱ्याची. त्याच बॉयलरच्या जिवावर कारखाना गावोगावच्या तारांत वीज सोडत असतो, याची आठवण क्वचितच निघते. राज्यात अशा सहवीजनिर्मितीची, म्हणजे सगळे ज्याला ‘कोजन’ म्हणतात त्याची, क्षमता अडीच हजार मेगावॉटच्या पुढे आहे.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो चिपाड उरते. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. शेवटच्या मिलमधून पट्ट्यावर आलेला बगॅस मुठीत दाबला तर एक थेंबही गळत नाही, पण त्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते. भट्टीत पडल्यावर बरीच उष्णता आधी हे पाणी उडवण्यात जाते. तरीही किलोभर बगॅसवर दोन-सव्वादोन किलो वाफ निघते.

जुन्या कारखान्यांतही बगॅसच जळत होता, पण बॉयलर असायचे दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचे. तेव्हा बगॅसचा ढीग ही अडगळच होती. पडून राहिला तर जागा अडवतो, वाऱ्याने उडतो आणि एखाद्या ठिणगीने पेटतो. त्यामुळे जळण वाचवणारा बॉयलर हवा, असा कोणाचा हट्ट नव्हता. उलट जितका जळेल तितका बरा. ढीग विकत घेणारे कोणी असेल तर ती कागद गिरणी.

पुढे जास्तीची वीज विकता येऊ लागली आणि हिशेबच बदलला. नव्या बॉयलरचा दाब ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलोपर्यंत गेला. ही जोरकस वाफ आधी टर्बाईन फिरवते. तिथून बाहेर पडते तेव्हा दाब उतरलेला असतो, पण उष्णता भरपूर शिल्लक असते, आणि उसाचा रस आटवायला नेमकी तीच लागते. एका जळणात दोन कामे होतात. केवळ विजेसाठी चालणाऱ्या औष्णिक केंद्रात हीच शिल्लक उष्णता थंड करून टाकून द्यावी लागते. रोज ५ हजार टन गाळणारा कारखाना अशा रीतीने २५ मेगावॉटच्या आसपास वीज काढतो, स्वतःपुरती ठेवतो आणि उरलेली विकतो.

मग घोडे अडते कुठे? दरात. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे सौरविजेची बोली युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आली. त्यानंतर महाग वीज घ्यायची कशाला, हा प्रश्न वीज कंपन्यांनी विचारणे साहजिकच होते. पण नुसते युनिट मोजून केलेली ही तुलना मला अपुरी वाटते. सूर्य मावळताना, घरोघरी दिवे लागायच्या वेळी, सौरवीज हात आखडता घेते. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांना जोर चढतो तो पावसाळ्यात. हिवाळ्यात त्या बऱ्याच मंदावतात. कोजन मात्र हंगामात रात्रंदिवस चालते, तेही नेमके रब्बीच्या पंपांची मागणी वाढते त्या महिन्यांत. शिवाय बगॅस साठवून गाळप संपल्यावरही जाळता येतो. संध्याकाळच्या युनिटला दुपारच्या युनिटपेक्षा जास्त दर मिळाला, तर कारखाने बगॅस राखून संध्याकाळी जाळतील. त्यासाठी नवे यंत्र शोधावे लागणार नाही.

अधूनमधून एक सूचना येते, की शेतातले पाचटही बॉयलरमध्ये घाला. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते, ते पेटवून देण्यापेक्षा हे बरे दिसते खरे. पण त्यातल्या पोटॅश आणि क्लोराईडमुळे बॉयलरच्या नळ्यांवर राखेचे थर चढतात, आणि खोडव्याच्या सरीत तेच कुजवले तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. पाचटाची जागा शेतातच आहे.

या विजेला ‘हरित’ म्हणतात, कारण बगॅस जळताना सुटणारा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. ते बरोबर आहे, पण हिशेबात पाणी धरलेले नाही. राज्याच्या पीकक्षेत्रात चार-पाच टक्क्यांच्या घरात असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा पितो. त्यामुळे विजेसाठी ऊस वाढवा, असे कोणी म्हणू लागले तर त्याला तिथेच थांबवावे. लागलेला ऊस गाळायचाच आहे, तर त्याचे चिपाड नीट जाळा, इतकाच या विजेचा दावा खरा आहे. पाऊस रुसला की तोही टिकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. आधीच्या हंगामात सुमारे ८४ लाख टन असलेले राज्याचे साखर उत्पादन २०१६-१७ मध्ये ४२ लाख टनांवर आले. ऊसच नव्हता, तेव्हा बॉयलर कितीही दाबाचा असला तरी त्यात घालायला बगॅस आणायचा कुठून?