फिरत्या पेटीतले कुसुमाग्रज

कुसुमाग्रजांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. गावोगावी ग्रंथदिंड्या निघतात, पुस्तकं पालखीत बसतात, त्यांच्यावर फुलं पडतात. दुसऱ्या दिवशी तीच पुस्तकं बऱ्याच ठिकाणी पुन्हा कुलूपबंद कपाटात!

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये वेगळी वाट धरली. विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू झाली. एका पेटीत १०० पुस्तकं आणि साधारण ३५ वाचकांचा गट, एवढाच पसारा. गटातला एकजण समन्वयक होतो, पेटी सांभाळतो, कोणी काय नेलं ते लिहून ठेवतो. वाचकाला वर्गणी नाही की अनामत नाही. चारेक महिन्यांनी ही पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि त्यांची इकडे येते. प्रत्येक पेटीतली पुस्तकं वेगळी, त्यामुळे नवी खरेदी न करताही गटाला नवी पुस्तकं मिळतात. योजनेची खरी हुशारी या अदलाबदलीत आहे.

दान कसलं घ्यायचं, हेही इथे नीट ठरलेलं दिसतं. एरवी ग्रंथदान म्हटलं की वाचनालयाच्या दारात काय येऊन पडतं, ते कुठल्याही ग्रंथपालाला विचारावं: जुनी गाइडं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, रद्दीवाल्याने नाकारलेलं बरंच काही. इथे देणगीदार पेटीचा खर्च उचलतात. कुणी वाढदिवसाला, कुणी आईवडिलांच्या स्मृतिदिनाला.

पेटीत फक्त कुसुमाग्रजांचीच पुस्तकं नसतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२ साली वाचकांपर्यंत पोचला तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून छापला म्हणून. एका लेखकाने दुसऱ्याच्या पुस्तकासाठी खिशात हात घातला होता. त्या कवीच्या नावाने इतर लेखकांची पुस्तकं फिरावीत, यात औचित्य आहे. नुसत्या समग्र वाङ्मयाचे संच वाटून ते साधलं नसतं.

पेट्या पुढे तुरुंगात गेल्या, दुबईतल्या मराठी घरांत गेल्या. मात्र पगारी ग्रंथपाल नसल्याने सगळा भार समन्वयकावर. त्याची बदली झाली किंवा उत्साह ओसरला, तर पेटी त्याच्याच दिवाणाखाली अडकून पडायची. म्हणून पेटीसाठी देणगीदार शोधताना ती सांभाळणारा माणूसही आधीच हेरून ठेवावा लागतो.